व्हीएमला ४ प्रोसेसर दिले की कर्नल का गोठतं, आणि ते पकडायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या गटाने ६४ बिट एक्स८६ साठी (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांसाठी) स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिलं आहे. एका प्रोसेसरवर ते नीट चालतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोसेसरचा आकडा १ वरून ४ केला की दहातून तीन-चार वेळा गोठतं, एखाद्या वेळी मशीन आपोआप रीसेट होते आणि बाकीच्या वेळी सगळं सुरळीत. लॅपटॉप ४ कोरचा, रॅम ८ जीबी, वर उबुंटू. तोंडी परीक्षेत ४ प्रोसेसरवर चालवून दाखवायचं आहे. व्हीएमची मांडणी कशी करावी?

कर्नल ज्यात चालेल अशी मांडणी शोधत बसू नका, ती सापडेलही आणि परीक्षेच्या दिवशी दगा देईल. तुम्हाला आता हवी आहे ती कर्नल हमखास पाडणारी मांडणी. दहातून तीनदा दिसणारी चूक शोधायला आठवडे जातात. तीच दहातून दहा वेळा दिसायला लागली की संध्याकाळपर्यंत सापडते. खाली जे सांगतो आहे ते सगळं त्यासाठीच. (पर्यायांची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाईप करायची.)

व्हर्च्युअलबॉक्स टाकाऊ नाही. त्यात एकापेक्षा जास्त प्रोसेसर द्यायचे तर सिस्टीमच्या पानावर आय/ओ एपिक (उपकरणांचे इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असे इशारे, प्रोसेसरांना वाटणारा भाग) चालू असावं लागतं, आणि सीरियल पोर्ट ‘रॉ फाईल’कडे वळवला की कर्नलचे संदेश फाईलमध्ये जमा होतात. पण सॉकेट, कोर, थ्रेड अशी फोड तिथे तुमच्या हातात नसते आणि गोठलेल्या मशीनमधला प्रत्येक प्रोसेसर नेमका कुठे उभा आहे हे बघणं किचकट जातं. कर्नलच्या कामाला क्यूईएमयू हा व्हीएम चालवणारा दुसरा प्रोग्राम घ्या, आणि वेगासाठी त्याच्याखाली केव्हीएम, म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरणारा लिनक्सचा भाग.

पहिली तपासणी: /डेव्ह/केव्हीएम ही फाईल आहे का? नसेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम चालू करा. फाईल आहे पण ‘परमिशन डिनाइड’ येतं, तर आपला युजर ‘केव्हीएम’ गटात टाका आणि लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. आणि व्हर्च्युअलबॉक्सची व्हीएम मागे चालू ठेवून केव्हीएम सुरू करू नका. प्रोसेसरची ती सोय एका वेळी दोघांना वाटून मिळत नाही, दुसरा येतो तो एरर देऊन परत जातो.

पायाभूत मांडणी एवढीच पुरे: मशीन ‘क्यू३५’, मेमरी २५६ एमबी, अ‍ॅक्सेल ‘केव्हीएम’, सीपीयू ‘होस्ट’, डिस्प्ले ‘नन’, सीरियल ‘मॉन:एसटीडीआयओ’, आणि सोबत ‘नो-रीबूट’. छोट्या कर्नलला २ जीबी देऊन काही मिळत नाही. उलट २५६ एमबीमध्ये मेमरी गळत असेल तर ती लवकर उघडी पडते. ‘नो-रीबूट’ मात्र विसरू नका. तुमची जी ‘आपोआप रीसेट’ होते ती बहुतेक ट्रिपल फॉल्ट आहे: अपवाद आला, तो हाताळताना दुसरा आला, दुसरा हाताळताना तिसरा, आणि प्रोसेसरने हात टेकले. हा पर्याय नसेल तर मशीन पुन्हा बूट होते आणि पुरावा पुसला जातो. त्याच्या जोडीला ‘नो-शटडाउन’ दिलंत तर मशीन आहे त्या अवस्थेत थांबते आणि आत डोकावता येतं.

आता प्रोसेसरची फोड. ‘एसएमपी’ पर्यायाला नुसता ४ हा आकडा देऊ नका. क्यूईएमयूच्या ६.२ च्या आधीच्या मशीन-प्रकारांत नुसत्या ४ चा अर्थ ४ सॉकेट, प्रत्येकी १ कोर असा व्हायचा, ६.२ पासून १ सॉकेट, ४ कोर असा होतो. उबुंटू २०.०४ मध्ये क्यूईएमयू ४.२ येतं आणि २२.०४ मध्ये ६.२. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर एक मशीन आणि कॉलेजच्या लॅबमध्ये, तीच आज्ञा देऊन, वेगळी मशीन. फोड नेहमी पूर्ण लिहा: सीपीयू ४, सॉकेट २, कोर २, थ्रेड १. गुणाकार जुळला नाही तर क्यूईएमयू सुरूच होत नाही, म्हणून इथे चुकण्याची भीती नाही. एएमडीच्या लॅपटॉपवर थ्रेड २ दिले आणि हायपरथ्रेडिंगबद्दल तक्रार आली, तर सीपीयूच्या पर्यायात ‘टोपोएक्स्ट’ चालू करावं लागतं.

फोड पूर्ण लिहिण्याचं खरं कारण पुढे आहे. सीपीयू ६, सॉकेट २, कोर ३, थ्रेड १ अशी मशीन उठवा आणि प्रत्येक प्रोसेसरचा एपिक क्रमांक (इंटरप्ट पाठवताना प्रोसेसर ओळखायचा हार्डवेअरचा क्रमांक) छापा. ०, १, २, ३, ४, ५ येणार नाहीत. ०, १, २, ४, ५, ६ येतील. कोरसाठी राखलेले बिट दोनाच्या घातात मोजले जातात, ३ कोरांना २ बिट लागतात, आणि ३ क्रमांकाची जागा रिकामी राहते. ‘प्रोसेसर क्रमांक म्हणजेच एपिक क्रमांक’ असं धरून लिहिलेलं कर्नल इथे लगेच पडतं: ६ घरांच्या अ‍ॅरेत ६ क्रमांकाच्या घरात लिहायला जातं आणि शेजारची मेमरी खराब करतं. सलग ४ प्रोसेसरांवर ही चूक जन्मभर दिसणार नाही. खऱ्या मशीनवर क्रमांक सलग असतील याची कुणी हमी दिलेली नाही, म्हणून सुरुवातीलाच एपिक क्रमांकावरून आपला अनुक्रम सांगणारा तक्ता, म्हणजे एक साधा मॅपिंग अ‍ॅरे, करून ठेवा.

याच जातीची दुसरी परीक्षा: सीपीयू २, मॅक्ससीपीयूज ४. आता एसीपीआयच्या एमएडीटी तक्त्यात (मशीन कर्नलला देते त्या प्रोसेसरांच्या यादीत) ४ नोंदी दिसतात, पण त्यातल्या दोघांचा ‘चालू’ बिट, म्हणजे फ्लॅगचा शून्यावा बिट, ० असतो. तो न बघता नोंदी मोजणारं कर्नल नसलेल्या प्रोसेसरला उठवायला जातं आणि ‘तिसरा आला का?’ म्हणत कायमचं उभं राहतं. आणि तिसरी: तुमच्या कर्नलमध्ये कमाल ८ प्रोसेसर धरले असतील तर ९ देऊन बघा. नववा दुर्लक्षिला गेला पाहिजे, कर्नल कोसळता कामा नये. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही कमाल आकडा ८ आहे आणि त्याच्या रिस्क-फाईव्ह या दुसऱ्या प्रोसेसर-जातीसाठीच्या आवृत्तीत सुरुवातीचे स्टॅक त्याच हिशेबाने आखलेले आहेत, तेव्हा त्याच्यावर काम करणाऱ्यांनीही हा आकडा डोक्यात ठेवावा.

४ प्रोसेसर दिले म्हणजे चौघे खरोखर एका वेळी चालतात असं मात्र नाही. मशीन कशावर चालते यावर ते ठरतं आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

केव्हीएमवर प्रत्येक व्हीसीपीयू (व्हीएममधला आभासी प्रोसेसर) हा होस्टचा, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या लिनक्सचा, एक थ्रेड असतो आणि तो खऱ्या कोरवर चालतो. इथे खरी समांतरता मिळते, प्रोसेसरचे खरे मेमरी-नियम लागू होतात, टीएलबीही (पत्त्यांच्या भाषांतराची प्रोसेसरमधली साठवण) खरा. रोजच्या चाचणीसाठी हेच. टीसीजी म्हणजे सॉफ्टवेअरने सूचनांचं भाषांतर करून चालवणं; त्यात ‘थ्रेड=मल्टी’ असेल तर प्रत्येक व्हीसीपीयूला वेगळा थ्रेड मिळतो, फक्त वेग पुष्कळ कमी. ‘थ्रेड=सिंगल’ असेल तर सगळे व्हीसीपीयू एकाच थ्रेडवर पाळीपाळीने धावतात आणि एकाची पाळी साधारण एक दशांश सेकंद चालू शकते. या शेवटच्या प्रकारात दोन प्रोसेसर एकाच क्षणी एकाच चलावर कधीच जात नाहीत. अशा मशीनवर ‘आमचं कर्नल ४ प्रोसेसरवर रात्रभर चाललं’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

पण एकथ्रेडी टीसीजी निरुपयोगी आहे असंही समजू नका. एक तर त्यात पॉज सूचना नसलेला स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा आणि बाकीच्यांना लूपमध्ये फिरत वाट बघायला लावणारा लॉक) ताबडतोब उघडा पडतो. पॉज आली की टीसीजी पुढच्या व्हीसीपीयूला पाळी देतं. पॉज नसेल तर लॉकची वाट बघणारा आपली पूर्ण पाळी नुसता गरगरत घालवतो आणि कर्नल गोगलगाईसारखं चालतं. दुसरं, ‘आयकाउंट’ पर्याय फक्त इथेच चालतो आणि त्याच्यासोबत ‘आरआर=रेकॉर्ड’ दिलं की संपूर्ण धाव नोंदवली जाते. तीच धाव ‘आरआर=रिप्ले’ने सूचना-न्-सूचना जशीच्या तशी परत चालवता येते. चूक एकदा नोंदीत सापडली की मग ती पळून जात नाही. अडचण अशी की समांतर चुका या पद्धतीत कमी येतात, म्हणून आधी केव्हीएमवर चूक कुठल्या भागात आहे ते ओळखा आणि मग तो भाग इथे घासून बघा.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय दुय्यम प्रोसेसर उठवण्याच्या कोडवर जातो. एक्स८६ वर बूट एकच प्रोसेसर करतो, बाकीचे झोपलेले असतात. त्यांना लोकल एपिकच्या आयसीआर रजिस्टरमधून आधी इनिट (मूळ अवस्थेत ये), मग १० मिलिसेकंद थांबून एसआयपीआय (या पानापासून चालू हो), मग २०० मायक्रोसेकंद थांबून गरज पडल्यास दुसरा एसआयपीआय पाठवायचा. आयसीआरचे दोन भाग आहेत: हेक्स ३१० ला कुणाला पाठवायचं तो क्रमांक, ३०० ला काय पाठवायचं ते. ३०० मध्ये लिहिताक्षणी संदेश सुटतो, म्हणून ३१० आधी. उलट केलंत तर संदेश मागच्याच माणसाला जातो. इनिटसाठी हेक्स ४५००, एसआयपीआयसाठी ४६०० अधिक पान क्रमांक. उठणारा प्रोसेसर १६ बिट रिअल मोडमध्ये, त्या पानाच्या पहिल्या बाइटपासून सुरू होतो. पान क्रमांक ८ बिटांत मावायचा असल्याने हे ट्रॅम्पोलिन, म्हणजे उठणाऱ्याचं सुरुवातीचं कोड, पहिल्या १ एमबीच्या आत आणि ४ केबीच्या हद्दीवर असलंच पाहिजे. हेक्स ८००० ला ठेवलं तर पान ०८, संदेश ४६०८. ग्रब तुमचं कर्नल बहुधा १ एमबीच्या वर चढवतो, तेव्हा हा तुकडा खाली कॉपी करणं तुमचं काम, आणि शेवटचा प्रोसेसर त्यातून बाहेर पडेपर्यंत त्या पानावर दुसरं काही लिहायचं नाही.

थांबण्याचे ते दोन वेळ गाळले तरी व्हीएममध्ये बहुधा सगळं चालून जातं. खऱ्या मशीनवर ते अंगाशी येऊ शकतं. गाळू नका.

यातली सर्वांत जास्त होणारी चूक स्टॅकची. तिघांना एकदम उठवलं, तिघे त्याच ट्रॅम्पोलिनमधून आले आणि तिघांनी एकच स्टॅक-पत्ता उचलला. एकाने ठेवलेला परतीचा पत्ता दुसरा पुसतो. कोण किती पुढे आहे यावर निकाल ठरतो; तुमचं ‘दहातून तीन-चार वेळा’ मला याच प्रकारचं वाटतं. एक्सव्ही६ च्या एक्स८६ आवृत्तीत यावर साधा तोडगा आहे: एकाचा स्टॅक ठरवायचा, त्याला उठवायचं, ‘मी आलो’ असं त्याने चलात लिहीपर्यंत थांबायचं, मगच पुढच्याकडे वळायचं. बूट काही मिलिसेकंदांनी लांबतं, त्याचं काही वाटून घेऊ नका.

त्यानंतरची चूक म्हणजे ‘पहिल्या प्रोसेसरवर केलं म्हणजे सगळ्यांवर झालं’ हा समज. जीडीटी (मेमरी-सेगमेंटांचा तक्ता), आयडीटी (इंटरप्ट किंवा अपवाद आला की कुठलं कोड चालवायचं त्याचा तक्ता), पानांच्या तक्त्याचा सीआर३, सीआर० आणि सीआर४ मधले बिट, लाँग मोडचं ईएफईआर, लोकल एपिक चालू करणारा स्प्यूरियस रजिस्टरचा आठवा बिट, एसएसई वापरत असाल तर त्याची तयारी: हे सगळं प्रत्येक प्रोसेसरने स्वतः करायचं असतं. तक्ता मेमरीत एकच असला तरी तो कुठे आहे हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. टीएसएस तर प्रत्येकाचा वेगळाच हवा, कारण इंटरप्टच्या वेळी घ्यायचा स्टॅक त्यात लिहिलेला असतो.

मशीन गोठली की काय करायचं? मारून पुन्हा चालवू नका. कंट्रोल-ए आणि मग सी दाबा, क्यूईएमयूचा मॉनिटर उघडतो. तिथे ‘इन्फो रजिस्टर्स’ला वजा ए जोडून द्या, सगळ्या प्रोसेसरांची रजिस्टरं एकदम समोर येतात. प्रत्येकाचा आरआयपी (पुढच्या सूचनेचा पत्ता) बघा आणि तो कुठल्या फंक्शनमध्ये पडतो ते ‘अ‍ॅडर२लाइन’ने काढा. तीन चित्रं नेहमी दिसतात. चौघेही लॉक घेण्याच्या लूपमध्ये: डेडलॉक, म्हणजे कधीच न सुटणाऱ्या लॉकची वाट बघत अडकलेले. एखाद्याचं एचएलटी=१ आणि ईएफएलमध्ये हेक्स २०० चा बिट नाही: इंटरप्ट बंद करून झोपला आहे, उठणार नाही. एखाद्याच्या आयडीटीचा पत्ता शून्य आणि मर्यादा ६५५३५: त्याने आयडीटी चढवलाच नाही, त्याला पहिला इंटरप्ट किंवा अपवाद आला की ट्रिपल फॉल्ट ठरलेला. तुमच्या रीसेटचं कारण इथेच सापडण्याची शक्यता बरीच आहे.

डेडलॉकचे दोन प्रकार कर्नल लिहिणाऱ्या प्रत्येकाला भेटतात. पहिला: इंटरप्ट चालू ठेवून लॉक घेतला, त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि इंटरप्टच्या कोडने तोच लॉक मागितला. आता तो स्वतःचीच वाट बघतो. हा एका प्रोसेसरवरही होतो. पण एकाच प्रोसेसरसाठी बांधताना लॉक रिकामे ठेवले असतील तर दिसत नाही. दुसरा जास्त चकवा देणारा: एका प्रोसेसरने लॉक धरून बाकीच्यांना ‘टीएलबी साफ करा’ असा इंटरप्ट पाठवला आणि सगळ्यांच्या होकाराची वाट बघतो आहे. दुसरा प्रोसेसर इंटरप्ट बंद करून त्याच लॉकसाठी फिरतो आहे. होकार येणार नाही, लॉक सुटणार नाही. होकाराची वाट बघताना असा लॉक हातात असता कामा नये, किंवा फिरणाऱ्याने फिरता फिरता या विनंत्या तपासत राहिलं पाहिजे.

जीडीबी हा डीबगर जोडायचा असेल तर ‘वजा एस’ आणि ‘वजा मोठा एस’ द्या. मशीन पहिल्या सूचनेआधी थांबते आणि १२३४ पोर्टवर ऐकत राहते. जीडीबीत प्रत्येक व्हीसीपीयू एक थ्रेड म्हणून दिसतो. ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ ही एक आज्ञा पाठ करा. केव्हीएमवर सुरुवातीच्या कोडला साधा ब्रेकपॉइंट लावला तर कोड कॉपी होताना तो पुसला जातो, म्हणून ‘एचब्रेक’ वापरा. ट्रिपल फॉल्टच्या मागावर असाल तर केव्हीएम सोडून टीसीजीवर या आणि ‘वजा डी’ला ‘इंट, सीपीयू_रीसेट’ द्या. प्रत्येक अपवाद रजिस्टरांसकट लॉगमध्ये उतरतो. केव्हीएमवर तो ‘इंट’ लॉग मिळत नाही. लॉग मात्र बघता बघता शेकडो एमबीचा होतो.

आता चूक वारंवार घडवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. गावाकडे भावकीच्या सामाईक विहिरीवर पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याची पाळी त्याने मोटार सुरू केली आणि त्याच्याच वेळात लाईट गेली, तर बाकीचे बांधावर ताटकळतात. पाणी नाही आणि पाळीही पुढे सरकत नाही. लॉक धरलेला व्हीसीपीयू होस्टने मध्येच कोरवरून उतरवला की हेच होतं. कामगिरी मोजताना ही डोकेदुखी आहे, चुका शोधताना ती वरदान आहे. कारण मग प्रोसेसर अशा ठिकाणी थांबतात जिथे एरवी कधी थांबले नसते: मोजणी वाचली पण लिहिली नाही, यादीचा एक दुवा जोडला आणि दुसरा बाकी आहे, अशा नाजूक जागी.

कृती अशी. मॉनिटरमध्ये ‘इन्फो सीपीयूज’ दिलं की प्रत्येक व्हीसीपीयूचा थ्रेड क्रमांक मिळतो. दुसऱ्या टर्मिनलवर ‘टास्कसेट’ला पी-सी, कोर क्रमांक आणि थ्रेड क्रमांक देऊन त्याला हव्या त्या कोरवर बांधता येतं. आधी चारही व्हीसीपीयू एकाच कोरवर बांधा. मग तीन एका कोरवर आणि चौथा एकटा मोकळा, म्हणजे एक फार पुढे आणि बाकीचे मागे. मग ४ कोरांवर ८ व्हीसीपीयू. ‘एवढ्या वेळात दुसरा आला असेलच’ अशा भरवशावर लिहिलेलं सगळं कोड यात गळून पडतं. एक खबरदारी: अशा धावेत टायमरची मोजदाद चुकते, तेव्हा ‘टायमर मागे पडला’ एवढ्यावरून कर्नलला दोष देऊ नका.

हे हाताने शंभर वेळा करायचं नाही. क्यूईएमयूला ‘आयएसए-डीबग-एग्झिट’ हे उपकरण जोडा, आयओबेस हेक्स एफ४, आयओसाइझ ४. कर्नलने त्या पोर्टवर संख्या लिहिली की क्यूईएमयू तिची दुप्पट अधिक १ हा कोड देऊन बंद होतं. म्हणजे यशासाठी १६ लिहिलंत तर ३३ येईल, अपयशासाठी १७ लिहिलंत तर ३५. शून्य कधीच येत नाही. शेल शून्याला यश मानतं म्हणून स्क्रिप्टमध्ये ३३ स्पष्ट तपासा. बाहेरून ‘टाइमआउट ६०’ लावा; १२४ आला तर समजायचं की गोठलं होतं. व्हीसीपीयू १, २, ३, ४, ६, ८ अशा प्रत्येक आकड्याला १०० धावा, प्रत्येक धावेचा सीरियल लॉग वेगळ्या फाईलमध्ये. ३ आणि ६ मुद्दाम घेतले आहेत. ‘क्रमांक अँड (संख्या वजा १)’ असे मास्क २, ४, ८ वर बरोबर उत्तर देतात आणि ३ वर तोंडघशी पडतात.

चाचणीत काय चालवायचं? सुरुवातीला सगळ्यात साधं: प्रत्येक प्रोसेसरने एकच सामाईक मोजणी लॉक घेऊन १० लाख वेळा वाढवायची. ४ प्रोसेसरांवर बेरीज बरोबर ४० लाख आली पाहिजे, एकही कमी नाही. मग लॉक काढून तेच चालवा. बेरीज कमी आली पाहिजे. लॉक नसतानाही दरवेळी ४० लाख येत असतील तर तुमची मशीन समांतर चालतच नाही. बहुतेक ‘थ्रेड=सिंगल’ किंवा ‘आयकाउंट’ हा पर्याय आज्ञेत राहून गेलेला असतो आणि क्यूईएमयू गुपचूप एकथ्रेडी टीसीजीवर चालतं आहे. मांडणी तपासायला यापेक्षा चांगलं माप नाही. त्यानंतर मेमरी घेणं-सोडणं, प्रोसेस तयार करणं-मारणं, पानं जोडणं-काढणं. आणि संदेश छापण्यालाही लॉक हवा, नाहीतर चौघांची अक्षरं एकमेकांत मिसळून लॉग वाचता येत नाही. मात्र पॅनिकच्या वेळी तो लॉक बाजूला ठेवायची सोय ठेवा. तो धरून मेलेल्या प्रोसेसरमुळे शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा संदेशच अडकतो.

एक गोष्ट कुठल्याही मांडणीने सुटत नाही. एक्स८६ चे मेमरी-नियम कडक आहेत: लिहिणं मागे राहून नंतरचं वाचणं आधी होऊ शकतं, बाकी क्रम सहसा पाळला जातो. आर्म आणि रिस्क-फाईव्ह याबाबतीत सैल आहेत. तुम्ही उद्या हेच कर्नल आर्मसाठी बांधून एक्स८६ लॅपटॉपवर क्यूईएमयूत चालवलंत, तर राहून गेलेला बॅरिअर (मेमरीचा क्रम राखायला लावणारी सूचना) बहुधा दिसणारच नाही, कारण खाली चालणारा प्रोसेसर कडकच आहे. त्यासाठी रास्पबेरी पाय ४ सारखा खरा बोर्ड लागतो. त्यात कॉर्टेक्स-ए७२ चे ४ कोर आहेत. तसंच कॅशच्या ओळींवरून होणारी ओढाताण टीसीजीत दिसत नाही. वेगाची कुठलीही मोजणी टीसीजीवरून करू नका. आर्मच्या ‘व्हर्ट’ मशीनला ८ पेक्षा जास्त प्रोसेसर हवे असतील तर जीआयसी या इंटरप्ट-कंट्रोलरची आवृत्ती ३ मागा, आवृत्ती २ आठावर संपते. रिस्क-फाईव्हवर ओपनएसबीआय या फर्मवेअरसोबत बूट करत असाल तर बूट करणारा हार्ट (तिथला प्रोसेसर) शून्यच असेल असं धरू नका. ए० रजिस्टरमध्ये येणारा क्रमांक वाचा.

गटातलं कुणी लिनक्सचं मॉड्यूल किंवा कर्नलमधला बदल तपासणार असेल तर यंत्रणा तयारच आहे. ‘प्रूव्ह_लॉकिंग’ चालू करून बांधा. त्यातलं लॉकडेप लॉक घेण्याच्या क्रमावरून होऊ शकणारा डेडलॉक सांगतं, तो प्रत्यक्षात घडायची गरज नाही. पहिल्या तक्रारीनंतर मात्र ते स्वतःला बंद करतं, म्हणून ती मिटवल्याशिवाय पुढची दिसत नाही. ५.८ पासून आलेलं केसीएसएएन डेटा-रेस (लॉकशिवाय दोघांनी एकाच वेळी एकाच चलाला हात लावणं) पकडतं आणि त्याला केव्हीएमवरचे ४ तरी व्हीसीपीयू द्यावेत. ते मेमरीच्या चुका पकडणाऱ्या केएएसएएनसोबत एकाच बांधणीत चालत नाही, दोन कर्नल वेगळी बांधा. अशा बांधणीला व्हीएममध्ये २ जीबी द्या. कोर कमी आणि व्हीसीपीयू जास्त असतील तर ‘सॉफ्ट लॉकअप’चा इशारा, जो सहसा २० सेकंदांनी येतो, खोटाही असू शकतो, होस्टनेच व्हीसीपीयूला तेवढा वेळ कोर दिलेला नसतो.

लॅपटॉपबद्दल दोन शब्द. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि बंद खोलीत चारही कोर तासभर पळवले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला तरी तेच. वेग बदलला की रेसचं गणित बदलतं. दुपारी दिसणारी चूक रात्री गायब झाली तर ती दुरुस्त झाली असं मानू नका. प्रत्येक लॉगच्या पहिल्या ओळीत क्यूईएमयूची आवृत्ती, पूर्ण आज्ञा आणि चार्जर लावलेला होता की नव्हता हे लिहा. डिस्क इमेज वापरत असाल तर चाचणीत ‘स्नॅपशॉट’ पर्याय द्या. सगळं लिहिणं तात्पुरत्या फाईलमध्ये जातं आणि मशीन मध्येच मेली तरी मूळ इमेज शाबूत राहते.

परीक्षेच्या दिवशी: चार्जर लावलेला, ब्राउझर बंद, केव्हीएम, सॉकेट १, कोर ४. आधी लॉकसकट ४० लाख, मग लॉक काढून कमी आलेली बेरीज, मग पुन्हा लॉकसकट. परीक्षकांनी खोदून विचारलं तर २ सॉकेट, ३ कोरची मशीन उठवा आणि एपिक क्रमांक छापून दाखवा.